कुत्रं रात्री घरात कुठं झोपवता? (पिल्लू दोन रात्री रडतंय, आई आत घेऊ देत नाही)

पेठेतली_थोरली
नमस्कार मंडळी. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, आज रात्रीच्या आत उत्तर पाहिजे आहे मला. परवा संध्याकाळी आम्ही पिल्लू आणलंय, देशी, अडीच महिन्यांचं, रंग अगदी गुळाच्या ढेपेसारखा म्हणून नाव पण गुळ्या. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं, पुढं सोपा, मग मधली खोली, मागं स्वयंपाकघर, त्याच्याच कोपऱ्यात देव्हारा, आणि त्याच्या मागं न्हाणी आणि एवढंसं परडं. मी आणि नवरा माडीवर झोपतो, मधल्या खोलीत माझी आई. (बाबा गेल्यापासनं आम्ही तिच्याकडंच राहतो.)

आईचं म्हणणं एकच, कुत्रं म्हणजे दारातलं जनावर, परड्यात बांध. पहिल्या रात्री ऐकलं तिचं. जिन्याखाली खोकं, खोक्यात पोतं, पाणी, सगळं केलं. अकराला जे रडायला लागलंय ते साडेतीनपर्यंत. शेवटी नवरा खाली जाऊन पायरीवर बसला तर त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून दोन मिनिटात झोपलं, नुसतं थरथरत होतं म्हणे. नवरा उठला की परत सुरू. दुसऱ्या रात्री सोप्यात पेपर पसरून ठेवलं तर मधल्या दाराचा रंग खालनं वीतभर खरवडून काढलाय. आई म्हणते रडू दे चार दिवस, आपोआप सवय लागंल, आत्ता लाड केलास तर जन्मभर उरावर बसंल.

माझ्याच्यानं ते ऐकवत नाही हो. वर झोपून त्याचा आवाज ऐकायचा आणि खाली जायचं नाही हे मला जमणारच नाही. तुमच्याकडची कुत्री रात्री कुठं झोपतात? आणि रडू दिल्यानं खरंच सवय लागते का? अजून एक, त्याचं अंग जरा तापलेलं लागतंय हाताला, ताप असेल का?

नागाळापार्ककर
आमची लॅब्रॅडॉर कुत्री माझ्या पलंगावर, पायथ्याला. नऊ वर्षं झाली. पिल्लू आज वर घेऊन जा, आईंची समजूत उद्या काढा.

दवाखान्यात_कामाला
ताई, मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, आठ वर्षं झाली. आधी तापाचं, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. खातंय पितंय खेळतंय तर काळजी नको. मलूल पडलं, खाणं सोडलं, उलटी जुलाब झाले तर मात्र सकाळची वाट बघू नका.

आता रडण्याचं. हे पिल्लू आत्ता परवापर्यंत आईच्या पोटाशी चार भावंडांच्या ढिगात झोपत होतं. एकावर एक. त्याला एकटं झोपणं माहीतच नाही आणि पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं म्हणजे झोप ही त्याची केवढी मोठी गोष्ट आहे बघा. ते हट्ट करत नाही, भ्यायलंय. चार दिवस रडवून गप्प होतं ते सवय लागून नाही, कुणी येत नाही हे कळून होतं, आणि अशी बरीचशी पिल्लं पुढं एकटी ठेवली की दारं खरवडणारी, चपला फाडणारी होतात, आमच्याकडं येतात ना त्यांचे मालक विचारायला.

खोकं उचला आणि तुमच्या किंवा आईंच्या बिछान्याशेजारी जमिनीवर ठेवा. रडलं की हात खाली सोडायचा, त्याला वास लागला की पुरतं. उचलून वर घ्यायची गरज नाही. पंधरा वीस दिवस असं करा, मग खोकं रोज हातभर तुम्हाला पाहिजे त्या जागेकडं सरकवायचं. सोपा तर सोपा.

आणि परडं सध्या पूर्ण बंद. लसी पूर्ण व्हायच्यात त्याच्या. पार्वोचा (पिल्लांना होणारा उलटी-जुलाबाचा जीवघेणा आजार) विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, आधी कुठलं आजारी कुत्रं तिथनं गेलं असेल तुम्हाला पत्ता पण नसतो. परड्यात उंदीर घुशी असतीलच, पावसाळ्यात त्यांच्या मुतातनं लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तो माणसाला पण होतो. रेबीजची लस तीन महिन्यांचं झालं की द्या आणि मग दरवर्षी, चुकवायची नाही.

शू बद्दल पण सांगते, जितक्या महिन्यांचं पिल्लू साधारण तितके तास ते धरू शकतं, एखादा तास जास्त. म्हणजे तुमचं फार तर तीन तास. रात्री एकदा तरी उठावं लागणार.

पेठेतली_थोरली
@दवाखान्यात_कामाला किती बरं वाटलं वाचून. ते भ्यायलंय हे वाचलं आणि मला रडूच आलं. आज खोकं वर नेणार. पण जिना उभा आहे, रात्री तीनला झोपेत त्याला घेऊन उतरायचं म्हणजे भीती वाटते, आणि आई तर खालीच म्हणते तर तोंडाला तोंड लागायचं.

बांधावरचा
मी पन्हाळा तालुक्यातला, वस्ती शेतात, घराला लागून ऊस. आमच्यात कुत्रं म्हंजे राखणीला, ते रात्री बाहेरच असणार ही पिढ्यान्‌पिढ्याची रीत. मीही तसंच करत आलोय म्हणून सांगतो, बाहेर बांधू नका.

आमचा काळू होता, पाच वर्षांचा, कान उभे, अंगानं दणकट. गोठ्याच्या मेढीला साखळीनं बांधायचो. दिवाळीच्या आधी, ऊस उंच झालेला. रात्री दीडच्या सुमाराला एकदाच भुंकला. एकदाच. मी उठलो, बॅटरी मारली, साखळी तशीच आणि पट्टा तुटलेला. सकाळी बांधाला पावलं दिसली. बिबट्याला कुत्रं म्हंजे सगळ्यात सोपी शिकार, आणि बांधलेलं कुत्रं म्हंजे तर ताटात वाढल्यासारखं, त्याला पळायला पण येत नाही. ते माझ्या हातनं झालंय, मी बांधलंवतं.

लोक म्हणतात खिळ्याचा पट्टा घाला, धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तो. घालावा, मानेला धरता येत नाही. पण खरा उपाय म्हंजे रात्री दाराच्या आत. आता दोन कुत्री आहेत, दोन्ही रात्री आठनंतर सोप्यात, दार बंद, उंबऱ्याला लागून पोतं टाकलंय. राखण कमी झाली म्हणाल तर नाही. कुत्रं कानानं राखण करतं. आतनं पण त्याला सगळं ऐकू येतंय, उलट आतनं भुंकलं की मी लगेच उठतो, बाहेर भुंकलं की काय कोल्हं असंल म्हणून कूस बदलायचो.

शहरात बिबट्या नाही म्हणाल, पण गाड्या आहेत, भटक्या कुत्र्यांची टोळकी आहेत. पिल्लू आत घ्या ताई.

रंकाळा_सहाची_फेरी
@बांधावरचा वाचून गलबलून आलं दादा. तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं झालं.

कारवानी
माझ्याकडं मुधोळ आहे, साडेतीन वर्षांची कुत्री. लोकांना वाटतं शिकारी जात, राजेरजवाड्यांनी पाळलेली, मुधोळच्या घोरपड्यांनी नावारूपाला आणलेली, २००५ साली पोस्टानं तिकीट काढलं तेव्हा त्यात पण होती, मग ती काटक असणार, बाहेर झोपंल. धावायला काटक, झोपायला नाही! अंगावर चरबी नाही, केस इतके आखूड की कातडी दिसते. जानेवारीत पहाटे आमच्या उजळाईवाडीला गारठा पडतो तेव्हा ती कुडकुडते अक्षरशः. पहिल्या वर्षी मला कळलं नाही, फरशीवर नुसती सतरंजी टाकलेली. तिच्या कोपरांवर काळे राठ घट्टे आले, एका कोपराला तर पाणी साठून लिंबाएवढी गाठ. डॉक्टर म्हणाले औषध नंतर, आधी अंथरूण जाड करा. त्यावेळी आजीनं तिच्या दोन वाकळा काढून दिल्या, जुन्या लुगड्यांच्या, सात आठ पदरी शिवलेल्या. चार बोटं जाड होतंय ते दोन्ही एकावर एक टाकलं की. महिन्या दोन महिन्यात गाठ बसली.

सांगायचं म्हणजे कुठं झोपतं याच्याइतकंच कशावर झोपतं हे पण बघा. बाजारातल्या त्या फुगीर गाद्या पिल्लू दोन दिवसात फाडून आतला कापूस खातं, तो पोटात अडकतो. वाकळ धुता येते, उन्हात वाळते, फाटली तरी दोरा आहे. उन्हाळ्यात मात्र वाकळ काढून ठेवते मी, एप्रिलमध्ये ती आपणहून न्हाणीच्या दारातल्या शहाबादी फरशीवर पसरते, पोट टेकून. तिला कळतंय, आपण अडवायचं नाही.

दोन_मुलांची_आई
मी जरा वेगळं लिहिणार आहे, रागावू नका. आमचा राजारामपुरीत दोन खोल्यांचा फ्लॅट. मोठ्या मुलाला दमा आहे. कुत्रं पोरांनीच आणलं आणि आता ते आमचंच आहे, त्याला कुठं सोडणार नाही. पण झोपायच्या खोलीत घेतलं की मुलाची रात्र पंपावर जाते हे मी डोळ्यानं बघितलंय, एकदा नाही चार वेळा. म्हणून आमचं कुत्रं हॉलमध्ये, आणि झोपायच्या खोलीचं दार बंद. सुरुवातीला मी आठवडाभर हॉलमध्ये त्याच्याजवळ अंथरूण टाकून झोपले, मग एक दिवसाआड, मग बंद. आता ते दहाला आपोआप सोफ्याच्या मागं जाऊन पडतं. सगळ्यांनी पलंगावर घ्यावं असं सरसकट सांगू नका एवढंच.

नागाळापार्ककर
@दोन_मुलांची_आई बरोबर आहे तुमचं, माझं वाक्य जरा घाईतच गेलं. आमच्यात कुणाला तसला त्रास नाही म्हणून जमतंय. झोपेचं खरं सांगायचं तर माझी झोप मोडतेच, ती रात्रीत चार वेळा उठून गोल फिरून परत पडते. अमेरिकेत मेयो क्लिनिकनं २०१७ साली ४० माणसांच्या झोपेचं मोजमाप केलेलं, त्यात पण हेच आलं, कुत्रं खोलीत असलं तर झोपेला फारसा धक्का नाही, पलंगावर असलं की माणसाची झोप कमी होते. मला चालतं ते, तिचा श्वास पायाला लागला की मला झोप लागते. पण ज्याला सकाळी सहाची शिफ्ट आहे त्यानं जमिनीवरच अंथरूण द्यावं.

दवाखान्यात_कामाला
दम्याचं अगदी बरोबर. अगदी लहान बाळ, खूप म्हातारं माणूस, केमो चालू असलेलं माणूस घरात असेल तर पलंगावर मी पण नको म्हणते. आणि ज्यांच्याकडं आत झोपतं त्यांनी गोचिडीचं मनावर घ्या, विशेषतः जुनी घरं. गोचीड कुत्र्यावरनं उतरून भिंतीवर वर चढते आणि फटीत अंडी घालते, एक मादी हजारांनी. पेठेतल्या चुन्या-मातीच्या भिंती म्हणजे तिला पाहिजे तसल्या. रोज झोपायच्या आधी पायाच्या बोटांच्या मधी, कानाच्या आत, पट्ट्याखाली बघायचं, दोन मिनिटं लागतात. गोळी डॉक्टरांकडनं वजन करून घ्या. कुत्र्याला गोचीडताप आला की हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातनं रक्त येतं, खूप त्रास होतो बिचाऱ्यांना.

कुंभारगल्ली
२०१९ च्या पुराचं लिहितो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला ५५ च्या वर गेली. शाहूपुरीत आमचं घर खालच्या अंगाला. २००५ ला पाणी आलेलं ते कुठंवर आलेलं त्याची भिंतीवर खूण आहे, तिथवर काही येत नाही म्हणून आम्ही झोपलो. राणी, आमची पामेरियन, न्हाणीच्या दाराशी पोत्यावर झोपायची, तिची ती जागा ठरलेली. रात्री अडीच तीनला ती माझ्या अंथरुणात शिरली, कधीच येत नव्हती. ढकललं मी तिला. परत आली आणि ओला पाय माझ्या गालावर ठेवला. ओला का म्हणून उठलो तर न्हाणीच्या जाळीतनं पाणी उलटं वर येत होतं, बुडबुडे येत होते, तिचं पोतं भिजून जड झालेलं. तासाभरात घरात घोट्याएवढं. कागदपत्रं, आईची औषधं, गॅसची टाकी सगळं वर गेलं कारण तेवढा वेळ मिळाला.

गल्लीत एक कुत्रं गेटला बांधलेलं राहिलं, घरची माणसं गडबडीत निघून गेली, मागाहून होडीतनं पोरांनी जाऊन सोडवलं, पाणी त्याच्या छातीला लागलेलं. तेव्हापासनं आमच्या घरात एक नियम, रात्री कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असेल पण साखळी नसेल.

मागच्या_गल्लीतला
साखळीचा विषय निघालाय तर मला बोलायचंच आहे. आमच्या समोरच्या गच्चीवर एक जर्मन शेफर्ड बांधलाय, चोवीस तास. दीड मीटर साखळी. मार्चमध्ये दुपारी ती गच्ची पायाला चटका देते, रात्री दहापर्यंत फरशीतनं वाफ येते, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं एवढाच त्याचा उपाय. रात्रभर भुंकतं, आणि सगळे म्हणतात काय त्रास आहे कुत्र्याचा. त्रास त्यालाच आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, कलम ११, फार आखूड नाहीतर जड साखळीनं बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे त्यात सरळ गुन्हा म्हणून लिहिलंय. मी कलम दाखवायला गेलो नाही आधी, पाण्याचं भांडं आणि जुनी ताडपत्री घेऊन गेलो. ताडपत्री बांधू दिली त्यांनी. आता रोज संध्याकाळी मी त्याला फिरवून आणतो, आणि गेल्या आठवड्यापासनं रात्री जिन्याच्या आत घेतात. भुंकणं थांबलंय. पूर्ण थांबलंय, खरंच.

वाडीची_वारी
आमचं वय ७१. थोरल्या बहिणीच्या नात्यानं त्या मुलीच्या आईंसाठी लिहिते. सोवळ्याओवळ्यात आम्ही पण वाढलो, कुत्रं स्वयंपाकघरात म्हणजे अब्रह्मण्यम्‌. आईंना देव्हाऱ्याजवळ कुत्रं नको असेल तर त्यात काही चूक नाही, तेवढं राखावंच, आम्ही पण राखतो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आमचा पिंट्या येत नाही. पण मी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाते. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी असतात, गाय मागं असते. बाहेर बांधलेली नाहीत ती, पायाशी आहेत. आणि नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही गोष्ट तर त्यांनीच मुलीला लहानपणी सांगितली असंल. माझा पिंट्या माझ्या कॉटखाली झोपतो, यजमान गेल्यापासनं. रात्री जाग आली की हात खाली सोडते. तेवढंच.

पंधरा_वर्षांचा_टायगर
म्हातारं कुत्रं असणाऱ्यांसाठी दोन ओळी. आमचा टायगर वर माडीवर झोपायचा, बाराव्या वर्षानंतर जिना चढताना मागचे पाय घसरायला लागले. आम्हाला वाटलं नाटक करतोय. सांधे धरलेले होते. अंथरूण खाली आणलं, त्याच्याबरोबर आम्ही पण खाली आलो. शेवटच्या वर्षात रात्री उठून कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा, वाट चुकल्यासारखा. झिरोचा दिवा चालू ठेवला आणि पाण्याचं जर्मनचं भांडं रोज एकाच जागी, तर बराच फरक पडला. त्याला ओरडू नका कुणी, त्याला कळत नसतं तो कुठं आहे.

पेठेतली_थोरली
सगळ्यांना सांगायला आले, आज नववा दिवस.

वर नेलं नाही शेवटी. त्या रात्री मी आईला @वाडीची_वारी यांचं आणि @बांधावरचा दादांचं वाचून दाखवलं, ती काहीच बोलली नाही, भाकऱ्या थापत राहिली. मग झोपायच्या वेळी म्हणाली, "मधल्या खोलीत ठेव जा. माझ्या कॉटपासनं लांब. आणि स्वयंपाकघरात आलं तर मी बाहेर काढतो बघ." मी खोकं दाराजवळ ठेवलं आणि मीपण तिथंच अंथरूण टाकलं. पहिल्या रात्री दोनदा कुईं केलं, हात सोडला, गप्प.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली. आमच्यात नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं, आई त्या वेळेला उठतेच भरायला, आज कित्येक वर्षं. तर ती उठली, गुळ्या खोक्यात उभा राहून शेपूट हलवत होता, मी घोरत होते. आईनंच त्याला उचललं, न्हाणीत नेलं, मोरीवर ठेवलं. त्यानं तिथं शू केली. सकाळी मला चहा देताना सांगितलं, "शाणं हाय, जागा कळती त्याला." आता रात्री एकचं मी बघते, साडेचारचं ती बघते, तिनंच वाटून घेतलंय. लस झालीय एक, पुढची तारीख कॅलेंडरवर तिनंच गोल करून ठेवलीय.

@कारवानी तुमचं वाकळेचं सांगितलं नव्हतं मी तिला. काल संध्याकाळी ट्रंक उघडून बसलेली, बाबांच्या जुन्या धोतराची आणि तिच्या दोन लुगड्यांची लहानशी वाकळ शिवतेय, निम्मी झालीय. गुळ्या दोऱ्याच्या रिळामागं पळतोय आणि ती सुई वर धरून बसतीय, त्याला टोचू नये म्हणून.

खोकं कालपासनं कॉटच्या पायाला लागून आहे. मी सरकवलेलं नाही.

दवाखान्यात_कामाला
धोतराची गाठ कुठं राहिली असेल तर उसवून टाका, चावतं पिल्लू. आणि सुई दोरा रात्री ट्रंकेत, जमिनीवर नको.

पेठेतली_थोरली
हो, सांगते आईला.